ऑनलाइन गेमवरून खून झाल्याचे कानावर आले, तर शहानिशा कशी करावी

काही वर्षांपूर्वी आमच्या सीमाभागातील एका गावात कन्नड दैनिकाच्या एका कात्रणाचे छायाचित्र मोबाइलवर फिरू लागले. मथळ्याची वरची ओळ स्पष्ट दिसत होती आणि तिच्या शेवटी ‘कोले’, म्हणजे खून, हा शब्द होता. खालची ओळ छायाचित्र घेताना कापली गेली होती. कोणीतरी त्यासोबत मराठीत एक व्हॉइस नोट जोडली, की फ्री फायर या मोबाइल गेमच्या आयडीवरून मित्राने मित्राचा जीव घेतला, तेव्हा आपापल्या पोरांना सांभाळा. संध्याकाळपर्यंत ती निपाणीपासून चंदगडपर्यंतच्या ग्रुपांवर पोहोचली. दुसऱ्या दिवशी चहाच्या हॉटेलात तोच अंक घडी घालून ठेवलेला मिळाला आणि कापलेली ओळ वाचता आली. तिच्या सुरुवातीलाच ‘यत्न’ असा शब्द होता. ‘कोले यत्न’ म्हणजे खुनाचा प्रयत्न. मुलगा जिवंत होता, दंडाला टाके पडून दवाखान्यात होता, आणि पोलिसांकडील फिर्यादीत उसन्या पैशांवरून झालेल्या भांडणाचा उल्लेख होता, गेमचा नव्हता. दरम्यान, त्या मुलाच्या आजीला पाहुण्यांचे सांत्वनाचे फोन येऊन गेले होते.

अशी बातमी हाती आली की आधी तिचे तीन तुकडे करावेत. कोणी मरण पावले आहे का, हा पहिला प्रश्न. तो मृत्यू खून आहे का, हा दुसरा. आणि त्या खुनाचे कारण गेम आहे का, हा तिसरा. तिन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात आणि वेगवेगळ्या वेळी मिळतात. पहिल्याचे उत्तर त्याच दिवशी मिळू शकते, दुसऱ्याचे काही दिवसांनी, आणि तिसऱ्याचे खात्रीचे उत्तर मिळायला कित्येकदा न्यायालयाच्या निकालापर्यंत थांबावे लागते. अफवा मात्र तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच वाक्यात देऊन मोकळी होते.

शोधाची सुरुवात ठिकाणापासून करावी, कारण आपल्या भागात गावांच्या नावांमुळे होणारा घोटाळा फार मोठा आहे. ‘खानापुरात खून’ असे ऐकले की आपल्याला बेळगाव जिल्ह्यातील खानापूर आठवते. पण सांगली जिल्ह्यातही खानापूर तालुका आहे. शहापूर बेळगाव शहरात आहे, तसेच यादगीर जिल्ह्यात आहे आणि ठाणे जिल्ह्यातही आहे. हलकर्णी चंदगड तालुक्यात आहे आणि गडहिंग्लज तालुक्यातही आहे. कुडची म्हटले तर रायबाग तालुक्यातील की बेळगावजवळची बसवन कुडची, हे विचारून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. इंटरनेटवर शोधतानाही बेळगाव, बेळगावी आणि हिंदी संकेतस्थळांवरचे बेलगाम अशी तिन्ही नावे घालून पाहावीत. नोव्हेंबर 2014 मध्ये शहराचे अधिकृत नाव बदलले असल्यामुळे त्याआधीच्या बातम्या जुन्या नावानेच सापडतात.

व्हिडिओ किंवा छायाचित्र आले असेल, तर आधी चेहरे आणि रक्त बाजूला ठेवून मागची भिंत, दुकानाची पाटी आणि वाहनांचे क्रमांक पाहावेत. केए 22 ही बेळगावची नोंदणी, केए 23 चिकोडीची, केए 49 गोकाकची. एमएच 09 कोल्हापूरची आणि एमएच 10 सांगलीची. एका गाडीवरून काही सिद्ध होत नाही, कारण सीमेवर दोन्हीकडच्या गाड्या सतत ये-जा करतात. मात्र रस्त्यावरच्या सगळ्याच गाड्या तिसऱ्याच राज्यातल्या असतील, तर व्हिडिओ इथला नाही असे धरायला हरकत नाही. पोलिसांच्या टोपीवरूनही बरेच कळते. कर्नाटकातील हवालदारांच्या डोक्यावर वर्षानुवर्षे एका बाजूने वर दुमडलेली रुंद काठाची टोपी असे, आणि 2025 मध्ये तिच्या जागी पीक कॅप देण्यास सुरुवात झाली. व्हिडिओतील एखादे स्थिर चित्र गूगल लेन्समध्ये टाकले, तर तेच दृश्य पूर्वी कोठे प्रसिद्ध झाले होते, हे पुष्कळदा दोन मिनिटांत समोर येते.

काळ ठरवण्यासाठी गेमचे नावच उपयोगी पडते. पब्जी मोबाइलवर केंद्र सरकारने 2 सप्टेंबर 2020 रोजी बंदी घातली. त्याच्या जागी आलेला बीजीएमआय जुलै 2021 मध्ये सुरू झाला, जुलै 2022 मध्ये बंद करण्यात आला आणि मे 2023 मध्ये परतला. मूळ फ्री फायरवर फेब्रुवारी 2022 मध्ये बंदी आली. म्हणून ‘कालच’ पब्जीवरून खून झाला असे सांगणारा संदेश जुन्या बातमीचा असण्याची शक्यता लक्षात घ्यावी. अर्थात आपल्याकडे लोक बीजीएमआयलाही सर्रास पब्जीच म्हणतात, त्यामुळे केवळ नावावरून निकाल देऊ नये. तारीख शोधण्याचे कारण म्हणून ते नाव वापरावे.

अशा प्रत्येक बातमीला अफवा म्हणून झटकून टाकणे ही तितकीच गंभीर चूक आहे, आणि ती करू नये म्हणून काकतीचे प्रकरण कायम आठवणीत ठेवावे. सप्टेंबर 2019 मध्ये बेळगावला लागूनच असलेल्या काकती गावात एका तरुणाने आपल्या वडिलांचा खून केला आणि मोबाइलवर पब्जी खेळण्यास वडिलांनी अडवल्याचे कारण पोलिसांच्या हवाल्याने देशभरातील वृत्तपत्रांत छापून आले. ती घटना खरी होती. तिचे तपशील इतके भयंकर होते, की दूरच्या वाचकाला ते खोटे वाटावेत. तीच बातमी वर्ष काढून टाकून, कधी गाव बदलून, पुन्हा फिरवली जाऊ शकते. तेव्हा नवा म्हणून आलेला तपशील आधी या जुन्या प्रकरणाशी ताडून पाहावा.

यानंतर पोलिसांच्या कागदांकडे वळावे. बेळगाव शहर आणि लगतचा परिसर पोलीस आयुक्तांच्या अखत्यारीत येतो आणि काकती ठाणेही त्यातच मोडते. खानापूर, निपाणी, चिकोडी ही ठाणी जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे आहेत. घटना कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येते, हे ठरले की अर्धे काम झाले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2016 मध्ये दिलेल्या निर्देशानुसार प्रथम माहिती अहवाल, म्हणजे एफआयआर, साधारणपणे 24 तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकणे अपेक्षित आहे. जेथे संपर्काची अडचण आहे, तेथे ही मुदत 72 तासांपर्यंत वाढू शकते, आणि लैंगिक गुन्ह्यांसारखी संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळली जातात. कर्नाटक पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, ठाणे आणि वर्ष निवडून हे अहवाल पाहता येतात. ते कन्नडमध्ये असतात, म्हणून कन्नड नीट वाचणाऱ्या माणसाला शेजारी बसवावे. यंत्राने केलेल्या भाषांतरावर विसंबू नये. ‘कोले’, ‘कोले यत्न’ आणि ‘कोले शंके’, म्हणजे खून, खुनाचा प्रयत्न आणि खुनाचा संशय, या तिघांतला फरक भाषांतरात सर्वांत आधी हरवतो.

अहवालात कलम पाहावे. 1 जुलै 2024 पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचे कलम 103 खुनासाठी लागते, तर त्याआधीच्या घटनांना भारतीय दंड संहितेचे कलम 302. मृत्यूचे कारण उघड नसेल, तर पोलीस आधी अनैसर्गिक मृत्यूची नोंद करतात. कर्नाटकात तिला यूडीआर म्हणतात आणि महाराष्ट्रात अकस्मात मृत्यू. सध्या ही नोंद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली होते. शवविच्छेदनाचा अहवाल आल्यावर अशी नोंद खुनाच्या गुन्ह्यात बदलू शकते. म्हणून पहिल्या दिवशी 103 दिसले नाही, एवढ्यावरून ‘खून झालाच नाही’ असे जाहीर करू नये. चार-आठ दिवसांनी पुन्हा पाहावे. घटना सीमेच्या पलीकडे, उदाहरणार्थ शिनोळीकडे, घडली असेल, तर नोंद महाराष्ट्र पोलिसांकडे असेल आणि बेळगावात ती कितीही शोधली तरी सापडणार नाही.

वृत्तपत्रे दोन्ही भाषांतली वाचावीत. तरुण भारत, पुढारी, सकाळ यांच्या स्थानिक पानांवर आणि प्रजावाणी किंवा विजय कर्नाटक यांच्या जिल्हा पानांवर एकच घटना कशी आली आहे, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिले की कोणता तपशील सर्वांकडे आहे आणि कोणता एकाच ठिकाणी आहे, हे कळते. मात्र पाच ठिकाणी छापून आले म्हणजे पाच साक्षीदार झाले असे नाही. सगळ्या बातम्या एकाच प्रेसनोटवरून लिहिलेल्या असतील, तर तो एकच आधार धरावा.

तिसरा प्रश्न, म्हणजे कारणाचा, सर्वांत अवघड आहे आणि त्याच्यावरच सर्वांत कमी मेहनत घेतली जाते. ‘आरोपीने पोलिसांसमोर गेमवरून खून केल्याची कबुली दिली’ हे वाक्य आपण वरचेवर वाचतो, पण पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 23 मध्ये तसे स्पष्ट म्हटले आहे. दोषारोपपत्रात काय आहे, मोबाइलची तपासणी काय सांगते आणि न्यायाधीशांनी निकालात हेतूविषयी काय लिहिले, हे पाहिल्याशिवाय ‘गेममुळे’ हा शब्द स्वतःच्या जबाबदारीवर वापरू नये. खुनाच्या गुन्ह्यात आरोपी कोठडीत असेल, तर 90 दिवसांच्या आत दोषारोपपत्र दाखल न झाल्यास त्याला जामिनाचा हक्क मिळतो, त्यामुळे पोलीस ही मुदत सहसा चुकवत नाहीत. एफआयआर क्रमांक आणि ठाण्याचे नाव घालून ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर खटल्याची स्थिती पाहता येते. पहिल्या दिवशी घेतलेला क्रमांक जपून ठेवावा, तो तीन महिन्यांनी कामी येतो.

‘गेममुळे’ या एका शब्दाखाली किती निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात, हे जगातील सिद्ध झालेल्या प्रकरणांवरून दिसते. शांघायमध्ये 2005 साली गेममधील एका आभासी तलवारीवरून खरोखर खून झाला; उसनी घेतलेली तलवार मित्राने 7,200 युआनला परस्पर विकली होती, आणि आभासी वस्तूला कायद्याचे संरक्षण नसल्यामुळे तक्रारीचा उपयोग झाला नव्हता. मुळात तो मालमत्तेचा तंटा होता. अमेरिकेतील विचिटा येथे डिसेंबर 2017 मध्ये दीड डॉलरच्या पैजेवरून दोन खेळाडूंचे भांडण झाले, तिसऱ्याने पोलिसांना खोटा फोन केला आणि पोलिसांच्या गोळीने ज्याचा जीव गेला, त्या माणसाचा त्या गेमशी काडीचाही संबंध नव्हता. याउलट 2017 मध्ये आपल्याकडे ब्लू व्हेलच्या नावावर अनेक मुलांचे मृत्यू मांडले गेले. केंद्राच्या समितीने त्यांची उपकरणे, कॉलच्या नोंदी आणि समाजमाध्यमांवरील वावर तपासला, आणि जानेवारी 2018 मध्ये गृह राज्यमंत्री हंसराज अहीर यांनी लोकसभेत सांगितले, की यांपैकी एकाही घटनेत त्या गेमचा सहभाग प्रस्थापित होऊ शकला नाही. मृत्यू खरे होते, कारण चुकीचे जोडले गेले होते. घरच्यांना खरे कारण शोधण्याची वाट त्यामुळे बंद होते, आणि मला तरी हे नुकसान अफवेच्या इतर कोणत्याही नुकसानापेक्षा मोठे वाटते.

माणसांना विचारायचे झाल्यास क्रम सांभाळावा. आधी ठाण्यातील अधिकारी, मग त्या भागाचा वार्ताहर, मग ग्रामपंचायत सदस्य. मृताच्या घरी सर्वांत शेवटी, आणि तेही घरच्यांची बोलायची इच्छा असेल तरच. फोनवर ‘तुमचा मुलगा गेममुळे गेला का?’ असे कधीही विचारू नये. सांगणाऱ्या प्रत्येकाला ‘तुम्ही स्वतः पाहिलेत की ऐकलेत, आणि कोणाकडून?’ एवढेच विचारत मागे मागे जावे. दोन-तीन पायऱ्यांनंतर एकतर पाहणारा माणूस सापडतो, किंवा साखळी पुन्हा त्याच व्हॉइस नोटवर येऊन थांबते.

मृत किंवा आरोपी मराठी होता की कन्नड, हा प्रश्न आपल्याकडे लगेच विचारला जातो. त्याचे उत्तर घटनेच्या खरेपणाशी निगडित नसते, म्हणून ते शोधू नये आणि पुढेही देऊ नये. मुलगा 18 वर्षांखालील असेल, तर त्याचे नाव, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास बाल न्याय कायद्याच्या कलम 74 ने मनाई आहे, आणि त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालत असल्यास ते ई-कोर्ट्सवर दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. अफवा पुढे ढकलण्यातून काय घडते, हे जुलै 2018 मध्ये धुळे जिल्ह्यातील राईनपाडा आणि बीदर जिल्ह्यातील मुर्की या दोन गावांनी दाखवले. मुले पळवणारी टोळी आल्याच्या संदेशांवरून तेथे निरपराध माणसे जमावाने मारली.

जे हाती लागले, ते ग्रुपवर लिहिताना तीन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या वाक्यांत द्यावीत. उदाहरणार्थ : ‘अमुक तारखेला अमुक ठाण्याच्या हद्दीत एका तरुणाचा मृत्यू झाला आहे. पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला आहे, गुन्हा क्रमांक सोबत देत आहे. गेमवरून वाद झाल्याचे अद्याप कोणत्याही कागदात आलेले नाही. दोषारोपपत्र आल्यावर कळवीन.’ मूळ अफवा व्हॉइस नोटमधून आली असेल, तर हे उत्तरही स्वतःच्या आवाजात, त्याच भाषेत आणि त्याच ग्रुपवर द्यावे, कारण लिहिलेले न वाचणाऱ्यांपर्यंतच ती आधी पोहोचलेली असते. पुढे तारीख नोंदवून ठेवावी आणि तीन महिन्यांनी दिलेला शब्द पाळून उरलेले कळवावे.