मांजर खाजवतंय? आधी पिसवा बघा, मग पथ्य

मान-कान खाजवून रक्त काढलंय, पोटावरचे केस चाटून चाटून साफ केलेत, की लोक लगेच निदान करतात : चिकनची अ‍ॅलर्जी. थांबा. मांजरांत पिसवांची अ‍ॅलर्जी खाण्याच्या अ‍ॅलर्जीपेक्षा जास्त आढळते. अंग चाटताना मांजर पिसवा गिळून टाकतं, म्हणून त्या दिसतीलच असं नाही. बारीक दातांच्या फणीने शेपटीच्या मुळाशी विंचरा आणि निघालेले काळे कण ओल्या टिश्यूवर ठेवा. तांबूस डाग उमटला तर ती पिसवांची विष्ठा. औषध मांजराचंच आणा; कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला विष. कापूर घातलेलं खोबरेलही नको, ते चाटलं जाणारच. नायटा, खरूज डॉक्टरांना तपासू द्या.

एवढं होऊनही खाज राहिली तर पथ्य. रक्ताच्या चाचणीवर पैसे घालवू नका, खाण्याच्या अ‍ॅलर्जीसाठी ती भरवशाची नाही. मांजराने कधीच न खाल्लेलं एकच मांस, किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेलं हायड्रोलाइज्ड प्रोटीनचं (म्हणजे प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेलं) खाणं, निदान आठ आठवडे. आमचा बोका गोट्या अलिबागचा, लहानपणापासून मासे आणि चिकनवर वाढलेला. म्हणून त्याला बोकडाचं मटण ठरलं : नुसतं उकडलेलं, मीठ नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, दोन्ही मांजराला बाधतात. नुसत्या मटणाने सगळी पोषणद्रव्यं मिळत नाहीत, तेव्हा प्रमाण आणि पूरकं डॉक्टरांकडूनच घ्या. नवं खाणं जुन्यात थोडं थोडं मिसळत आणा. रुसून पूर्ण दिवस उपाशी राहिलं तर फोन करा. उपाशी मांजराचं यकृत लवकर बिघडतं.

खरं पथ्य मात्र घरातल्या माणसांना पाळावं लागतं. मांजर खातं ते तुम्ही वाढलेलं, शिवाय सासूबाईंनी बोंबील साफ करताना टाकलेलं, शेजारच्या काकूंनी खिडकीतून दिलेलं आणि ओट्यावरून स्वतः पळवलेलं. बांगड्याचं एक डोकं पोटात गेलं की आधीचे आठवडे वाया. मी फ्रिजवर चिठ्ठी लावली, काही उपयोग झाला नाही. काकूंना त्याच्या कानामागचे ओरखडे दाखवले, तेव्हा हात आखडला. बाहेर हिंडणारं मांजर या काळात घरातच ठेवा, मासे साफ करताना दार लावून घ्या. मांसाची चव दिलेल्या जंताच्या गोळ्याही चालत नाहीत, डॉक्टरांना आठवण करा.

खाज थांबली की आनंदाने इथेच सोडू नका. जुनं खाणं पुन्हा द्या. काही तासांत ते दोन आठवड्यांत खाज परतली तर अ‍ॅलर्जी पक्की. मग पुन्हा पथ्यावर आणा आणि कातडी शांत झाल्यावर एकेक पदार्थ वेगळा तपासा : आधी फक्त चिकन, नंतर फक्त मासे. गोट्याला चिकन चाललं. मासे बंद झाले, आणि सासूबाई अजून माझ्यावर रागावलेल्या आहेत.