रेसकारचं किट बांधताय? या चुका टाळा

मी किटमधून रेसकारची प्लास्टिकची छोटी मॉडेलं बांधतो. मृग लागला की माझे रंगाचे स्प्रे कॅन कपाटात जातात ते घटस्थापनेलाच बाहेर येतात. मधल्या काळात मी इंजिनं बांधतो, सीटबेल्ट लावतो, टायर घासतो, पण बॉडीवर ग्लॉसचा, म्हणजे चकचकीत रंगाचा, एक फवारा मारत नाही. लोक हसतात. मग जुलैत त्या हसणाऱ्यांपैकीच कुणीतरी चपलांच्या खोक्यात काहीतरी घेऊन दारात उभं राहतं आणि म्हणतं, “काका, जरा बघता का?”

गेल्या पावसाळ्यात त्या खोक्यात तामिया या जपानी कंपनीच्या किटची १/२० स्केलची, म्हणजे खऱ्या गाडीच्या विसाव्या हिश्शाची, लोटस ७९ होती. १९७८ साली मारिओ आंद्रेत्ती जिच्यात फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला, ती. काळीकुळकुळीत बॉडी, वर सोनेरी रेघा. या गाडीचा सगळा रुबाब त्या काळ्या रंगात आहे. आणि ती घेऊन आलेल्या पोरानं तो काळा लॅकर, म्हणजे झटपट वाळणारा रंग, गॅलरीत, बाहेर धो धो पाऊस कोसळत असताना मारला होता. चुलीतल्या राखेत झोपून उठलेल्या मांजरासारखी दिसत होती बिचारी.

होतं असं की लॅकरमधलं सॉल्व्हंट, म्हणजे रंग पातळ ठेवणारं द्रव्य, झपाट्यानं उडून जातं आणि जाताना पृष्ठभाग गार करतं. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना, तसंच हवेतलं पाणी त्या गार रंगावर धरतं आणि रंग वाळता वाळता त्यात अडकतं. त्याचाच पांढुरका थर दिसतो. पांढऱ्या गाडीवर हेच झालं तर चटकन कळत नाही, म्हणून काही जण छातीठोकपणे सांगतात की आमच्याकडे पावसाळ्यातही छान रंग बसतो. काळी गाडी रंगवून दाखवा, मग बोलू.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण पोरानं घाबरून त्याच संध्याकाळी, त्याच पावसात, वर आणखी एक जाड थर चढवला. तोही पांढरा पडला. मग पॉलिशिंग कंपाउंड घेऊन ओला रंग घासला आणि नाकावरचा कोपरा थेट प्लास्टिकपर्यंत नेला. मूळ चूक दहा मिनिटांची होती, दुरुस्तीनं ती तीन महिन्यांची केली.

रंग पांढरा पडला तर पहिलं काम म्हणजे हात मागे घ्यायचा. गाडी डब्यात ठेवा आणि कोरड्या दिवसाची वाट बघा. त्या दिवशी तोच रंग अगदी विरळ, धुक्यासारखा मारा. ताजं सॉल्व्हंट खालचा थर जरा मऊ करतं, अडकलेला ओलावा निघून जातो आणि बऱ्याचदा काळा परत काळा होतो. एअरब्रशवाले थिनरमध्ये थोडा रिटार्डर घालतात, म्हणजे रंग सावकाश वाळतो. मी टेबलावर आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र ठेवलंय. आकडा ६५ टक्क्यांच्या वर असला की ग्लॉस बंद. हा ६५ कुठल्या पुस्तकातला नाही, माझ्या फसलेल्या तीन गाड्यांनी शिकवलेला आहे. “एसी लावून बेडरूममध्ये मारू का?” असंही विचारतात. हवा कोरडी मिळेल, पण लॅकर बंद खोलीत मारायचा नसतो. फुप्फुसांचं स्पेअर किट मिळत नाही.

आता काही चुका भराभर सांगतो, कारण त्यांच्यावर बोलायचा मला कंटाळा आलाय. पार्ट स्प्रूवरून, म्हणजे ज्या प्लास्टिकच्या चौकटीत ते येतात तिच्यावरून, पिळून तोडू नका, निपर घ्या. नेलकटरनंही काम भागतं, पण दातांनी नाही (हो, पाहिलंय). रंगाआधी पार्ट भांड्याच्या साबणानं धुवा, साच्याचं तेल लागलेलं असतं. लाल प्लास्टिकवर पांढरा रंग थेट मारलात तर महिन्याभरात गुलाबी होईल. आधी चंदेरी थर द्या, मग पांढरा. काचेच्या पार्टला फेविक्विक लावू नका, त्याची वाफ आतून पांढरी बसते. साधा पांढरा फेविकॉल पुरतो.

पातळ सिमेंट, म्हणजे प्लास्टिक जोडायचा पाण्यासारखा गोंद, सांध्यावर टेकवलं की ते फटीतून आपोआप धावतं. ते तुमच्या बोटाखालीही धावतं. माझ्या एका मॅकलारेनच्या बाजूवर माझ्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटलाय, आधार केंद्रावर चालेल इतका स्पष्ट. पार्ट टेपनं धरा, अंगठा लांब ठेवा.

डेकलचा, म्हणजे पाण्यात भिजवून गाडीवर सरकवायच्या पातळ चित्रांचा, विषय मात्र एका ओळीत उरकता येत नाही, कारण त्यात मी स्वतः तोंडघशी पडलोय.

टिरेल पी३४, ती सहा चाकांची गाडी. १९७६ साली स्वीडनच्या अँडरस्टॉर्पला जोडी शेक्टर पहिला आणि पात्रिक देपायये दुसरा आला, तीच. माझं किट जुनं, त्यामुळे डेकलं पिवळी पडलेली. ती मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून वैशाखातल्या खिडकीला चिकटवली आणि दोन आठवडे उन्हात ठेवली. पांढरी झाली. हा उपाय चालतो, बिनधास्त करा. मग निळी बॉडी घोटून, डेकलं लावून, सेटिंग सोल्युशननं, म्हणजे डेकल मऊ करणाऱ्या द्रवानं, वळणांवर बसवली. रात्रीचे अकरा वाजले होते. दुसऱ्या दिवशी एक मित्र येणार होता आणि मला त्याला चकचकीत गाडी दाखवायची होती. डेकल वाळलंय असं मी बोटानं ठरवलं, गच्चीवर गेलो आणि लॅकर क्लिअरचा, म्हणजे वरच्या पारदर्शक लॅकरचा, पहिलाच थर भिजेल इतका जाड मारला.

सकाळी शेक्टरचा ३ नंबर तळलेल्या पापडासारखा फुगला होता. डेकलच्या खाली पाणी होतं, वरून कडक सॉल्व्हंट. मधल्या पातळ फिल्मनं काय करावं? प्रायोजक एल्फच्या नावाचं अक्षर न् अक्षर सुरकुतलेलं. मित्र आला, म्हणाला, “छान आहे, हा खास इफेक्ट दिलायस का?”

सुरकुतलेलं डेकल सरळ होत नाही. कुणी सांगितलं की वरून आणखी सोल्युशन लावा, तर ऐकून घ्या आणि लावू नका. मी बॉडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवली, जुन्या टूथब्रशनं प्लास्टिकपर्यंत उतरवली आणि पहिल्यापासून सुरू केलं. नवी डेकलं मिळेपर्यंत गाडी तशीच पडून होती.

तेव्हापासून माझी सवय अशी. डेकल लावायची जागा ग्लॉस हवी, मॅटवर, म्हणजे बिनचमकीच्या रंगावर, लावलं की खाली हवा अडकून चंदेरी दिसतं. पाणी कोमट. डेकल दहा-पंधरा सेकंद बुडवायचं, मग टिश्यूवर ठेवून आपोआप सुटेपर्यंत थांबायचं, पाण्यात तरंगत सोडायचं नाही. लावून झालं की दोन पूर्ण दिवस हात लावायचा नाही. मग ओल्या मऊ फडक्यानं गोंदाचे आणि सोल्युशनचे डाग पुसायचे. नंतर क्लिअर, पण पहिले तीन थर लांबून, हवेत उडवल्यासारखे, प्रत्येकात पंधरा मिनिटं सोडून. गाडी या वेळी खरखरीत दिसते आणि नवशिक्याचा जीव इथेच जातो. दिसू दे खरखरीत. त्या कोरड्या थरांनी डेकल झाकलं गेलं की मगच ओला थर. वाळलंय का, ते बोटाला विचारू नका, नाकाला विचारा. बॉडी नाकाजवळ न्या. वास येतोय तोवर आत सॉल्व्हंट आहे. हेअर ड्रायरनं घाई करणाऱ्यांची प्लास्टिकची विंग वाकलेली मी दोनदा पाहिलीय, तरी तो सल्ला अजून फिरतोच आहे.

दुसरा राग कार्बन फायबरच्या जाळीसारख्या दिसणाऱ्या डेकलचा. ते दिसायला भारी असतं आणि म्हणून लोक जिथे तिथे चिकटवतात. कार्बन फायबरचं मोनोकॉक, म्हणजे ड्रायव्हर बसतो तो गाडीचा मुख्य सांगाडा, फॉर्म्युला वनमध्ये आणलं मॅकलारेन एमपी४/१ नं, १९८१ साली. लोटस ७९ चा टब, म्हणजे तोच सांगाडा, अ‍ॅल्युमिनियमचा. त्यावर कार्बनची जाळी चिकटवणं म्हणजे मावळ्याच्या मनगटावर घड्याळ बांधणं. त्या पोराच्या खोक्यातही कार्बनची एक कोरी शीट होतीच. मी ती काढून घेतली. पुढे कुठली तरी नव्वदीतली गाडी बांधेल तेव्हा देईन.

हीच गत वायरिंगची. टिरेल पी३४ आणि लोटस ७९, दोन्हींत कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन आहे. १९६७ ते १९८३ मध्ये १५५ शर्यती जिंकलेलं, तीन लिटरचं व्ही८. आठ सिलिंडर म्हणजे स्पार्क प्लगच्या आठ वायरी, आणि त्या घातल्या की इंजिन एकदम जिवंत होतं. पण लोक हाताशी असेल ती वायर घालतात. गणित करा. खऱ्या गाडीत प्लगची वायर साधारण ८ मिलिमीटर जाड, भागिले २०, म्हणजे ०.४. तुम्ही १ मिलिमीटरची घातलीत तर खऱ्या गाडीवर ती २ सेंटिमीटरची झाली, म्हणजे बागेला पाणी घालायचा पाइप. हॉबीचं महागडं पाकीट मागवायची गरज नाही. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात २७ किंवा २८ नंबरची तांब्याची तार मागा, दोन हात तार बहुतेक वेळा फुकट देतात. रंगवायची मात्र मॅट, चकचकीत नको.

पॅनेल लाइनमध्ये, म्हणजे बॉडीच्या पत्र्यांच्या जोडाच्या खाचांमध्ये, काळी शाई भरण्याची फॅशनही याच जातीची. गडद गाडीवर चालतं. पांढऱ्या गाडीवर काळ्या रेघा भरल्या की व्यंगचित्र होतं, तिथे फिकट राखाडी भरा. टायरच्या मधोमध साच्याची शिवण असते, ती ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा. दोन मिनिटांचं काम आहे आणि टायर चार फेऱ्या मारून आल्यासारखा दिसतो. तरी दहातले नऊ जण करत नाहीत, का ते मला आजवर कळलेलं नाही.

लोटसवाला पोरगा दसऱ्यानंतर परत आला. कोपरा पुटी भरून घासला होता, काळा रंग कोरड्या हवेत परत मारला होता आणि खरोखर त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसत होतं. सोनेरी रेघाही नीट बसलेल्या. खिशात क्लिअरचा कॅन घेऊनच आला होता.

“काका, आता मारू?”

“डेकलं कधी लावलीस?”

“काल रात्री.”

मी बॉडी नाकाजवळ नेली, झाकण लावून खोकं त्याच्या हातात दिलं आणि कॅन माझ्या कपाटात ठेवला.

“रविवारी ये.”