ककू कॅटफिशची पैदास : आधी यजमान माशांची घडी बसवा

कोकीळ आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते. आफ्रिकेतील टांगानिका सरोवरात राहणारा ककू कॅटफिश हा मासा, म्हणजे सिनोडोंटिस मल्टिपंक्टॅटस, आपली अंडी सिक्लिड या दुसऱ्या गटातील माशांच्या मादीच्या तोंडात पोहोचवतो. जपानी संशोधक तेत्सु सातो यांनी 1986 मध्ये हा प्रकार शास्त्रीय नियतकालिकात मांडला. या सरोवरातील अनेक सिक्लिड माद्या अंडी घातल्याबरोबर ती तोंडात घेतात आणि तेथेच उबवतात. सिक्लिडची जोडी गोल फिरत अंडी घालत असताना कॅटफिश मध्येच घुसतात, काही अंडी फस्त करतात, स्वतःची अंडी सोडतात आणि त्या गडबडीत मादी समोर दिसेल ते अंडे उचलते. कॅटफिशची अंडी सुमारे 3 दिवसांत, म्हणजे यजमानाच्या (सिक्लिडच्या) अंड्यांच्या आधी फुटतात आणि त्यांतील पिल्ले पुढे यजमान मादीचीच पिल्ले खाऊन वाढतात. सिक्लिड नियमितपणे अंडी घालत नसतील, तर कॅटफिश कितीही उत्तम असले तरी काहीच घडत नाही; म्हणून या कामाची सुरुवात सिक्लिडपासून करावी.

यजमान म्हणून तोंडात अंडी उबवणारीच जात हवी. दगडावर किंवा शंखात अंडी घालणारे सिक्लिड येथे निरुपयोगी ठरतात. ट्रोफियस ही टांगानिकातील जात असली, तरी तिची अंडी मोजकी असतात आणि तिला प्रामुख्याने शाकाहारी खाद्य लागते, त्यामुळे मी तिची शिफारस करत नाही. मलावी किंवा व्हिक्टोरिया सरोवरातील, मोठ्या तोंडाच्या आणि भरपूर अंडी घालणाऱ्या हॅप्लोक्रोमिस गटातील जाती अधिक सोयीच्या आहेत. यामागे कारणही आहे. टांगानिकातील यजमान या फसवणुकीशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजत आले असल्याने परकी अंडी बऱ्याचदा थुंकून टाकतात, तर इतर सरोवरांतील माद्यांना हा शत्रू ठाऊकच नसतो. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतही हाच फरक दिसून आला. एका नरामागे चार-पाच माद्या ठेवल्यास कोणती ना कोणती मादी अंड्यावर असते आणि एकाच मादीला नराचा त्रास सोसावा लागत नाही.

कॅटफिश विकत घेताना घाई करू नये. सिनोडोंटिस पेट्रिकोला आणि त्यासारख्या ठिपकेदार जाती ककू म्हणून सर्रास विकल्या जातात, पण त्या दुसऱ्याच्या तोंडात अंडी घालत नाहीत. मल्टिपंक्टॅटसचे पोट पांढरे व ठिपक्यांविना असते आणि डोळे मोठे असतात; पेट्रिकोलाच्या पोटावर ठिपके असतात. संकरित मासेही बाजारात येतात, त्यामुळे खात्रीच्या स्रोताकडूनच ते घ्यावेत. लहान वयात नर-मादी ओळखणे अवघड असल्याने किमान सहा मासे एकत्र घ्यावेत. मोठेपणी माद्या पोटाकडे अधिक भरलेल्या दिसतात.

टाकी 400 लिटर किंवा त्याहून मोठी असावी. पाणी कठीण (क्षारयुक्त), पीएच 8 च्या आसपास आणि तापमान 25 ते 27 अंश सेल्सियस ठेवावे. कॅटफिशसाठी दगडांच्या कपारी किंवा पाइपचे तुकडे ठेवावेत, मात्र टाकीच्या मध्यभागी एक मोकळी सपाट जागा सोडावी, कारण सिक्लिडचा नर बहुधा तेथेच ठाण मांडतो. कॅटफिशना दिवे मालवल्यावर तळाशी बसणारे खाद्य द्यावे, नाहीतर चपळ सिक्लिड त्यांच्या वाट्याचे सगळे खाऊन टाकतात. आठवड्याला सुमारे 30 टक्के पाणी बदलावे; त्यानंतर लगेचच सिक्लिड अंडी घालू लागल्याचे पुष्कळदा दिसते. अंडी घालणे सुरू होताच एरवी कपारीत दडलेले कॅटफिश दिवसाढवळ्या बाहेर येऊन जोडीभोवती घिरट्या घालू लागतात, आणि हाच खात्रीचा इशारा समजावा.

मादीचा जबडा फुगलेला दिसला की तारीख लिहून ठेवावी. तिला तशीच टाकीत ठेवल्यास तोंडातून सुटलेली पिल्ले इतर मासे गिळतात, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी तिला वेगळ्या भांड्यात घ्यावे. ओल्या हाताने तिला डोके खाली करून पाण्यातच धरावे आणि बोथट वस्तूने जबडा हळूच उघडावा. थोड्या धीराने पिल्ले आपोआप बाहेर पडतात. मिशा आणि ठिपके यांमुळे कॅटफिशची पिल्ले लगेच ओळखू येतात. एकाच तोंडात अनेक कॅटफिश असल्यास ती एकमेकांनाही खातात, म्हणून अंडी अधिक पडली म्हणजे पिल्ले अधिक मिळतील, असे गृहीत धरू नये.

वेगळी काढलेली पिल्ले स्पंज फिल्टर असलेल्या लहान टाकीत ठेवून त्यांना नुकते अंड्यांतून बाहेर पडलेले आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) दिवसातून तीन-चार वेळा थोडेथोडे द्यावे. तळाशी उरलेले खाद्य रोज काढावे. आकारात फरक पडू लागला की मोठी पिल्ले वेगळी करावीत. ती हलवताना जाळी वापरू नये, कारण पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचा काटा जाळीत अडकतो आणि तो सोडवताना माशालाच इजा होते. त्याऐवजी प्लास्टिकचे भांडे पाण्यात बुडवून पिल्ले त्यात हळूहळू ढकलावीत. मोठा मासा असा पकडताना कर्रकर्र आवाज करतो. हा आवाज त्याच्या काट्यांच्या सांध्यांतून येतो आणि त्याने दचकण्याचे कारण नाही.