सरपंच-सदस्य झालात? पद घालवणाऱ्या या चुका टाळा

गुलाल उतरला की पहिल्या मासिक सभेआधी घरपट्टी आणि पाणीपट्टीची थकबाकी तपासा. फक्त स्वतःच्या नावावरची नाही, सगळ्या घराची. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 14 प्रमाणे मागणीचं बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही, तर पद जाऊ शकतं. एकत्र कुटुंबात एकाची थकबाकी बाकीच्यांनाही भोवते. त्यामुळे "घर वडिलांच्या नावावर आहे, माझा काय संबंध?" एवढं उत्तर पुरत नाही. तक्रार झाल्यावर घाईघाईनं फाडलेली पावती वाचवेलच असंही नाही. शिवाय ज्यानं लोकांच्या दारात वसुलीला माणूस पाठवायचा, त्यानं आधी आपला भरणा दाखवायला हवा.

अतिक्रमणाचंही तसंच. गायरानात किंवा गावठाणाच्या मोकळ्या जागेत सासऱ्यांनी कधीकाळी बांधलेली खोली आपण वापरत असू, तर ते आपलंच प्रकरण आहे. मूळ अतिक्रमण दुसऱ्यानं केलं ही पळवाट सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये बंद केली. तिथे राहत असाल तर खरं तर उमेदवारी अर्ज भरण्याआधीच जागा सोडायला हवी.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती कामांच्या ठेक्यात. गटाराचं काम निघतं, मेहुण्याकडे जेसीबी असतो, "आपल्याच गावचा आहे, काम चांगलं करेल" असं म्हणून वर्क ऑर्डर दिली जाते. हेतू खरोखर चांगला असेलही. पण पंचायतीच्या कामात सदस्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असणं हे अपात्रतेचं कारण आहे. बिल कोणाच्या नावानं निघालं एवढ्यावर चौकशी थांबत नाही. पैसा पुढे कुठे गेला हेही पाहिलं जातं. सिमेंट आपल्या दुकानातून गेलं, ट्रॅक्टर आपला लागला, बँक खातं दोघांचं निघालं, की उत्तर देणं अवघड होतं. नातेवाइकाचा दर खरोखरच कमी असेल, तर विषय निघताच संबंध सांगा, चर्चेतून उठून बाहेर जा आणि प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, तशी नोंद करायला लावा. तुमचा स्वतःचाच वाटा असेल, तर मात्र बाहेर जाऊनही सुटका नाही. ते काम घेऊच नका. माझं मत विचाराल तर पाच वर्षं नात्यातल्या माणसाला कामच देऊ नये. कायद्यात बसलं तरी गावाचा विश्वास त्यानं जातो.

दुसरी मोठी चूक म्हणजे डोंगल देऊन टाकणं. वित्त आयोगाच्या निधीचं पेमेंट सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल सहीनं होतं. ही सही पेनड्राइव्हसारख्या डोंगलमध्ये असते. ते डोंगल आणि पासवर्ड पंचायतीच्या संगणक ऑपरेटरच्या खणात ठेवणं म्हणजे सह्या केलेलं कोरं चेकबुक ठेवणं. नंतर "मला माहीतच नव्हतं" म्हटलं तरी सही तुमचीच असते. असं आधीच झालं असेल तर आज डोंगल ताब्यात घ्या, पासवर्ड बदला आणि मागची पेमेंट ठराव, मोजमाप पुस्तिका व बिलांशी ताडून पाहा. तफावत दिसली तर गटविकास अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि पोच घ्या.

पंचायतीत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, तरी खुर्चीवर नवरा किंवा दीर बसलेला दिसतो. हे मनाला फार लागतं. ताई, सभेत तुम्ही स्वतः बसा, वाचल्याशिवाय सही करू नका, समजलं नाही तर विषय पुढच्या सभेपर्यंत थांबवा. कलम 39 खाली गैरवर्तनाची कारवाई निघाली, तर ती तुमच्यावर होते, नवऱ्यावर नाही.

मासिक सभा आणि ग्रामसभा कागदावर उरकू नका. वर्षात त्या नियमाप्रमाणे न घेणं हेही सरपंचाला घरी पाठवणारं कारण आहे. घरोघरी वही फिरवून घेतलेल्या सह्या तक्रारदाराला आयता पुरावा देतात. कोरम भरला नाही तर सभा तहकूब करा आणि तसं लिहा.

दाखल्यासाठी किंवा घरकुलाच्या यादीसाठी कोणी तुमच्या नावानं पैसे मागतोय असं कानावर आलं, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला 1064 वर तुम्हीच फोन करा, गावकऱ्यांची वाट पाहू नका.