कोल्ड एअर इनटेक: घरी बनवावा की तयार किट घ्यावे?

कोल्ड एअर इनटेक, म्हणजे इंजिनाला बोनेटबाहेरची थंड हवा पोहोचवणारा पाइप आणि फिल्टर, घरी बनवावा की तयार किट घ्यावे, असे नागपुरात कोणाला विचारले तर सहसा दोनच उत्तरे मिळतात. ॲक्सेसरीजच्या दुकानात चकचकीत पाइप आणि लाल कोन (शंकूच्या आकाराचा) फिल्टर असलेले किट पुढे सरकवले जाते, तर गॅरेजमध्ये ‘पाइप आणून द्या, बसवून देतो’ असे सांगितले जाते. तुमच्या गाडीचे इंजिन आत येणारी हवा कशी मोजते, हे पाहण्याची तसदी दोन्हीकडे कोणी घेत नाही. माझ्या मते निवड त्या एका गोष्टीवर ठरते. किमतीचा विचार नंतरचा.

आधी हा बदल हवा आहे का, ते तपासावे. साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधील आकडे दाखवणारे उपकरण) मोबाइलला जोडावा आणि मे महिन्यातल्या दुपारी वर्धा रोडने बुटीबोरीच्या दिशेने पंधरा-वीस मिनिटे एकाच वेगाने गाडी चालवून इनटेकमधील हवेचे तापमान वाचावे. बाहेर 45 अंश असताना हा आकडा 50 ते 53 च्या दरम्यान स्थिर राहत असेल, तर कंपनीचा इनटेक थंड हवाच घेतो आहे आणि कोणतेही किट त्यात फारशी भर घालू शकणार नाही. बहुतेक आधुनिक गाड्यांमध्ये हवेचे तोंड समोरच्या जाळीमागे किंवा बंपरच्या वरच्या बाजूला मुळातच दिलेले असते. उलट बोनेटखाली उघडा कोन फिल्टर बसवला की तो इंजिनाभोवतीची 70 अंशांची हवा ओढू लागतो, आणि 70 अंशांची हवा 45 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 7 टक्के विरळ असते. आवाज वाढतो, म्हणून ताकद वाढल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात ती घटलेली असते. सिग्नलवर थांबल्यावर सगळ्याच गाड्यांचा आकडा चढतो, त्यावरून निष्कर्ष काढू नये. टर्बो डिझेल गाडीत फिल्टरनंतर टर्बो हवा तापवतो आणि इंटरकूलर ती पुन्हा थंड करतो, त्यामुळे तिथे फिल्टरपाशी वाचवलेल्या पाच-सात अंशांचा उपयोग आणखी कमी होतो.

दुसरी तपासणी अडथळ्याची. ब्रीदरच्या नळीत, म्हणजे इंजिनातील वाफा फिल्टरनंतरच्या पाइपमध्ये नेणाऱ्या नळीत, टी-जोड घालून त्याला पारदर्शक नळी जोडावी, तिचे यू आकाराचे वळण करून त्यात रंगीत पाणी भरावे, दुसरे टोक उघडे ठेवावे आणि शेजारी बसलेल्या माणसाला पाण्याच्या पातळीतला फरक वाचायला सांगावे. वळणाच्या दोन्ही बाजू किमान मीटरभर उंच असाव्यात, म्हणजे पाणी इंजिनात ओढले जाण्याची भीती राहत नाही. पूर्ण रेस दिल्यावर 10 सेंटिमीटरचा फरक दिसला, तर कंपनीचा फिल्टर आणि पाइप मिळून वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम 1 टक्का अडवत आहेत, असा त्याचा अर्थ. सगळा अडथळा काढून टाकला तरी मिळकत साधारण तेवढीच, हे वीस हजारांचे किट घेण्यापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावे.

आता खरा अवघड टप्पा, ज्याने मला बराच काळ दमवले: हवा मोजणारा सेन्सर. गाड्यांमध्ये सामान्यतः दोन पद्धती आढळतात. काही गाड्यांत मॅप सेन्सर असतो. तो मॅनिफोल्डमधील, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधील दाब मोजतो, आणि त्या दाबावरून व तापमानावरून इंजिनाचा कॉम्प्युटर हवेचा हिशेब करतो. इतर गाड्यांत फिल्टरच्या डब्यानंतर लगेच पाइपमध्ये मॅफ सेन्सर बसवलेला असतो. मॅप सेन्सरच्या गाडीत फिल्टरजवळचा पाइप बदलला तरी मोजमाप बिघडत नाही. मॅफ सेन्सरच्या गाडीत मात्र तो पाइप हाच मापाचा भाग असतो, आणि घरगुती इनटेकची बहुतेक दुखणी इथूनच सुरू होतात.

मॅफ सेन्सरमध्ये विजेवर तापवलेली बारीक तार किंवा पट्टी असते. वाहती हवा तिला थंड करते, आणि तिचे तापमान टिकवायला किती वीज लागली यावरून हवेचा अंदाज बांधला जातो. म्हणजे सेन्सरला कळते ते केवळ त्याच्यापाशी वाहणाऱ्या हवेचे; पूर्ण पाइपमधून किती हवा गेली, हे कॉम्प्युटर कंपनीने ठरवलेल्या व्यासाच्या आधारे काढतो. आता 60 मिलिमीटर आतल्या व्यासाच्या जागी कोणी 70 मिलिमीटरचा पाइप बसवला, तर छेदाचे क्षेत्रफळ सुमारे 36 टक्क्यांनी वाढते, तारेजवळचा वेग तितक्या प्रमाणात घटतो आणि कॉम्प्युटरला हवा सुमारे 27 टक्के कमी आल्याचे वाटते. तो पेट्रोलही त्याच बेताने कमी सोडतो. साध्या चालीत ऑक्सिजन सेन्सर ही तूट ओळखून भरून काढतो, पण त्याच्या दुरुस्तीला मर्यादा असते. ती ओलांडली की चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी0171, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी, हा कोड येतो. पूर्ण रेस दिल्यावर बहुतेक गाड्यांत ही तत्काळ दुरुस्ती थांबते, आणि नेमक्या त्याच वेळी, भर उन्हात भरलेली गाडी चढावर असताना, अपुऱ्या पेट्रोलावर इंजिन ठोकू लागते. डिझेल गाडीत हाच चुकीचा आकडा ईजीआरचा (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेचा) आणि धुराच्या मर्यादेचा हिशेब बिघडवतो, आणि गाडी ओढेनाशी होते.

व्यास जुळवला की काम झाले, असे सांगणाऱ्यांवरही विश्वास ठेवू नये. सेन्सरच्या अलीकडे वळण आले तर हवा पाइपच्या बाहेरच्या भिंतीला चिकटून धावते, आणि तार कोणत्या बाजूला आहे यावर वाचन जास्त की कमी हे ठरते. पाइप तोच, सेन्सर तोच, केवळ जोड पाव फेरा फिरवल्यावर इंधन-दुरुस्तीचा आकडा (कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतो किंवा घटवतो ते) अधिक चारवरून अधिक बारावर गेलेला मी पाहिला आहे. कंपनी सेन्सरपुढे जाळी आणि सरळ नळकांडे देते ते यासाठीच. ती जाळी ‘हवा अडवते’ म्हणून काढून टाकण्याचा सल्ला मिळाला, तर त्या माणसाकडे गाडी पुन्हा नेऊ नये. ‘रात्रभर बॅटरी काढून ठेवा, कॉम्प्युटर नवे शिकेल’ हा सल्लाही तितकाच निरुपयोगी आहे. त्याने जुनी शिकलेली दुरुस्ती पुसली जाते, सेन्सरचे माप बदलत नाही, आणि काही दिवसांत चूक होती तिथेच परत येते.

म्हणून माझा नियम पक्का आहे. मॅफ सेन्सरच्या गाडीत घरगुती काम करताना सेन्सर ज्या प्लास्टिकच्या नळकांड्यात बसतो ते नळकांडे आणि फिल्टरचा मूळ डबा, दोन्हींना हात लावू नये. घरी करायचे असेल तर डब्याच्या अलीकडे करावे: समोरच्या जाळीपासून डब्याच्या तोंडापर्यंत उष्णता सहन करणारी लवचीक नळी, आणि डब्याच्या इंजिनाकडील बाजूला उष्णतारोधक पत्रा. खर्च थोडा, आणि मापाला धक्का नाही. तयार किट घ्यायचे असेल तर ते तुमच्याच मॉडेलचे, त्याच इंजिनाचे, बंद डब्याचे आणि सेन्सरच्या नळकांड्याचा आतला व्यास मूळइतकाच ठेवणारे असावे. दुकानात व्हर्नियर कॅलिपर सोबत न्यावा आणि मोजूनच पैसे द्यावेत. ‘युनिव्हर्सल’ लिहिलेले किट मॅफ सेन्सरच्या गाडीसाठी घेऊच नये. काम करण्यापूर्वी इंजिन गरम असताना आयडलला, 2500 आरपीएमला आणि महामार्गावर इंधन-दुरुस्तीचे आकडे लिहून ठेवावेत. नंतर त्यांत पाचापेक्षा अधिक फरक पडला तर गळती शोधावी, दहापेक्षा अधिक पडला तर काढून मूळ बसवावे.

मॅप सेन्सरच्या पेट्रोल गाडीत घरगुती इनटेक मी निःसंकोच सुचवतो, पण नळाच्या पीव्हीसी पाइपचा मात्र नाही. तो 60 अंशांच्या पुढे मऊ पडू लागतो, आणि बोनेटखाली उन्हाळ्यात ते तापमान रोजचे आहे. ॲल्युमिनियमचा पाइप घ्यावा, एमआयडीसीतल्या एखाद्या लेथवाल्याकडून टोकांना उंचवटा काढून घ्यावा, म्हणजे क्लॅम्प आवळल्यावर सिलिकॉन होज निसटत नाही. ब्रीदरची नळी फिल्टरनंतरच्या भागात परत जोडलीच पाहिजे. ती उघडी सोडून तोंडाला कापड बांधलेली इंजिने अजूनही दिसतात, आणि त्यातून इंजिनात थेट धूळ जाते.

धुळीबद्दल नागपूरकरांनी अधिक काटेकोर असावे. सिमेंट रस्त्यांची कामे, कोरडी रस्त्याची माती आणि कोराडी-खापरखेडा परिसरातली औष्णिक केंद्रांची राख, हे सगळे फिल्टरमधून सुटले तर रिंगा आणि लायनर घासून काढते. फिल्टर विकणाऱ्याकडे आयएसओ 5011 या एअर फिल्टरच्या प्रमाणित चाचणीचा अहवाल मागावा. नसेल तर कंपनीचा कागदी फिल्टर चांगला. तेल लावायचे सुती फिल्टर मॅफ सेन्सरच्या गाडीत मी वापरत नाही, कारण तेल जास्त झाले की ते तारेवर बसते. बसवल्यानंतर हजार किलोमीटरांनी फिल्टरच्या मागचा पाइप सोडवून आत पांढरे कापड बोटाने फिरवावे. कापडावर करडा पट्टा आला तर जोड हवाबंद नाही, हे निश्चित.

तोंड कुठे ठेवावे याबाबत मतभेदाला जागा नाही: मूळ तोंडापेक्षा एक इंचही खाली नको. चाकाच्या कमानीत किंवा बंपरच्या तळाशी फिल्टर लटकवणारी किट थंड हवा देतात हे खरे, पण 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून आणि नाग नदी फुगून शहरात पाणी शिरले, तेव्हा त्या उंचीच्या कितीतरी वर पाणी होते. नरेंद्रनगरच्या पुलाखाली आणि लोहापुलाखाली तर एका जोरदार सरीतही तेवढे साचते. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये शिरले की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावे लागते. विमा कंपनीला न कळवलेला बदल अशा वेळी दाव्याच्या आड येतो.

कायद्याचीही नोंद घ्यावी. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम 182अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. वॉरंटी चालू असलेल्या गाडीला तर हात लावूच नये. मूळ डबा, पाइप आणि क्लिपा न कापता, एका पिशवीत बांधून घरी जपून ठेवाव्यात.

बसवण्याचे काम अर्ध्या दिवसाचे आहे आणि त्यात सांगण्यासारखे काही नाही. त्यानंतर त्याच रस्त्याने, त्याच वेळी, बाहेरचे तापमान जवळपास सारखे असताना पुन्हा फेरी मारावी आणि तेच आकडे शेजारी लिहावेत. इनटेकचे तापमान किमान पाच अंशांनी उतरले नसेल, किंवा पाण्याच्या पातळीतला फरक निम्म्यावर आला नसेल, तर पिशवीतला मूळ पाइप परत लावावा आणि डब्यात नवा कागदी फिल्टर घालावा.