काम करताना आणि विसावताना अ‍ॅनिमेशनपटांचे संगीत कसे निवडावे

अ‍ॅनिमेशनपटांचे संगीत कामाच्या वेळी ऐकायचे ठरवले की बहुतेक जण आवडत्या चित्रपटाचा अख्खा अल्बम सुरू करतात आणि दहा-पंधरा मिनिटांत एखाद्या कर्कश तुकड्याने दचकून तो बंद करतात. दोष त्या संगीताचा नसतो, कारण ते पडद्यावरच्या एका ठरावीक क्षणासाठी लिहिलेले असते. म्हणून चित्रपट कोणता हे पाहण्याआधी तो तुकडा कोणत्या प्रसंगी वाजतो हे पाहावे, असे माझे अनेक वर्षांच्या ऐकण्यानंतर झालेले ठाम मत आहे.

पात्रे बोलत असताना मागे वाजणारे संगीत मुळातच संवादाच्या आड येऊ नये अशा बेताने रचलेले असते. त्यात सूर लांब असतात, वाद्ये मोजकी असतात आणि धून पुढे येऊन लक्ष मागत नाही. लेखन, वाचन, हिशेब अशा एकाग्रतेच्या कामाला हेच संगीत सर्वांत योग्य. याउलट ज्या प्रसंगात कोणीच बोलत नाही, तिथे कथा सांगण्याची सारी जबाबदारी संगीतावर येते. धून ठळक होते, वाद्यवृंद फुलतो आणि मन उचलून धरण्याचे सामर्थ्य त्याच तुकड्यांत असते. ‘हाउ टू ट्रेन युवर ड्रॅगन’ (२०१०) या चित्रपटातील उड्डाणाच्या प्रसंगांचे जॉन पॉवेल यांचे संगीत असे आहे. ते काम सुरू करण्याच्या आधी किंवा कपड्यांच्या घड्या घालताना, कपाट आवरताना लावावे. मसुदा लिहिताना लावू नये. ‘टॉम अँड जेरी’साठी स्कॉट ब्रॅडली यांनी केलेले संगीत मात्र वेगळ्याच जातीचे आहे. मांजर जिन्यावरून गडगडले की वाद्येही त्याच क्षणी गडगडतात, ते थबकले की तीही थबकतात. ही कारागिरी थक्क करणारी आहे आणि तिला स्वतंत्र वेळ काढून दाद द्यावी, पण दर काही सेकंदांनी वळण घेणारे संगीत कामाच्या सोबतीला चालत नाही.

गाण्यांविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण अ‍ॅनिमेशनपट म्हटले की अनेकांना आधी गाणीच आठवतात. मुद्रिते तपासताना मी एकदा ओळखीचे गाणे लावले होते. अंतरा सुरू झाला आणि एकच ओळ मी तीनदा वाचली, तरी तिच्यातली सुटलेली वेलांटी चौथ्या वाचनात दिसली. शब्दांचे काम करताना कानावर शब्द पडले की दोन्हींची गाठ पडते. भाषा परकी असली तरी मानवी बोलण्याचा ध्वनी काही प्रमाणात आड येतोच. त्यामुळे शब्दांशी निगडित कामाला केवळ वाद्यसंगीत ठेवावे आणि गाणी हातांच्या कामासाठी राखावीत. तीच चाल केवळ पियानोवर वाजवलेली मिळाली तर उत्तम. मात्र शब्द तोंडपाठ असतील तर मन ते आतल्या आत म्हणत राहते, हे लक्षात ठेवावे.

‘प्रसन्न संगीत’ म्हणून तयार मिळणाऱ्या याद्यांवर विसंबू नये. ‘अप’ (२००९) या चित्रपटातील एका दांपत्याचे अवघे सहजीवन शब्दाविना उलगडणारा सुमारे ४ मिनिटांचा तुकडा अशा बहुतेक याद्यांत असतो. मायकेल जियाचिनो यांना या चित्रपटाच्या संगीतासाठी ऑस्कर मिळाले. तीन मात्रांच्या झोक्यावर ती धून खेळकरपणे सुरू होते, पण पुढे तीच धून मंदावते, वाद्ये एकेक करून गळतात आणि शेवटी जवळपास एकटा पियानो उरतो. प्रसंग ठाऊक असलेल्याचा हात तिथे कामावर राहत नाही. म्हणून कोणताही तुकडा यादीत घेण्यापूर्वी तो शेवटपर्यंत ऐकावा, केवळ पहिल्या अर्ध्या मिनिटावर निर्णय घेऊ नये.

दीर्घ कामासाठी माझी पहिली पसंती जपानी संगीतकार जो हिसाइशी यांना आहे. ‘हाऊल्स मूव्हिंग कॅसल’ (२००४) या चित्रपटात त्यांनी एकच मुख्य धून निरनिराळ्या वेशांत परत परत आणली आहे. कधी ती पियानोवर हळुवार येते, कधी अख्खा वाद्यवृंद ती उचलतो. धून ओळखीची असल्याने कानाला सतत नवे काही पारखावे लागत नाही, आणि तरीही कंटाळा येत नाही. याच चित्रपटासाठी त्यांनी आधी एक स्वतंत्र वाद्यवृंदरचना केली होती आणि ती चेक फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाने वाजवली. दृश्यांच्या मोजमापात बसवण्याची सक्ती नसल्याने तिच्यातील तुकडे लांब आणि पूर्ण आहेत. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण चित्रपटाच्या मूळ अल्बममधले अनेक तुकडे एक-दोन मिनिटांतच संपतात आणि दर वेळी पडणारी शांतता लक्ष वेधते. मैफिलीसाठी पुन्हा बांधलेल्या रचना, किंवा सगळ्या धुना एकत्र ओवणारे श्रेयनामावलीचे संगीत निवडल्यास ही अडचण दूर होते. ‘सोल’ (२०२०) मधील ट्रेंट रेझ्नर आणि अ‍ॅटिकस रॉस यांचे इलेक्ट्रॉनिक तुकडेही लेखनाला फार चांगले जुळतात; त्याच चित्रपटातील जॉन बॅटिस्ट यांचे जॅझ मात्र विसाव्याच्या वेळेसाठी ठेवावे.

आवाजाची पातळी ठरवताना यादीतला सर्वांत जोरकस भाग आधी लावावा आणि तो सुसह्य होईल तिथे बटण थांबवावे. मंद भागावर आवाज ठरवला तर पुढे तुताऱ्या अंगावर येतात. यादी आपोआप उलटसुलट वाजवण्याची सोय बंद ठेवावी.

विसावताना क्रमाला अधिक महत्त्व आहे. डोक्यात दिवसभराची गडबड असताना एकदम अतिशय संथ सूर लावले तर ते उपरे वाटतात, म्हणून सुरुवात थोड्या चालत्या धुनेने करावी आणि तीन-चार तुकड्यांत वेग उतरवत न्यावा. ‘वॉल-ई’ (२००८) मध्ये दोन यंत्रमानव अवकाशात नाचतात त्या प्रसंगाचे थॉमस न्यूमन यांचे संगीत मधल्या टप्प्याला शोभते. शेवट हिसाइशी यांच्याच ‘स्पिरिटेड अवे’ (२००१) च्या आरंभीच्या पियानोने करावा. मोटारीत मागे आडवी पडलेली मुलगी नव्या घराकडे निघाली आहे आणि सूर एकेक करून, मध्ये श्वास घेत उमटतात. त्यानंतर दुसरे काही आपोआप सुरू होणार नाही अशी व्यवस्था आधीच करून ठेवावी, म्हणजे शेवटचा सूर विरल्यावर उठून फोन हातात घेण्याची वेळ येत नाही.