डिमेन्शिया झालेल्या आई-वडिलांसाठी केअर होम निवडताना या चुका टाळा

केअर होम पाहायला मुलं जातात आणि ती स्वतःच्या नजरेने पाहतात. खोली हवेशीर आहे का, बाग आहे का, स्वागतकक्षातली मंडळी नीट बोलतात का. तिथे राहणाऱ्या माणसाचा दिवस मात्र वेगळ्याच गोष्टींवर चांगला किंवा वाईट जातो. संध्याकाळी सहाला जीव घाबरा होऊन ते दाराकडे निघाले तर कोण काय करतं? रात्री दोनला उठून बसले तर कुणी जागं असतं का? आंघोळीला नाही म्हणाले तर पुढे काय होतं? निवडीत फसगत होते ती बहुतेक वेळा हे प्रश्न न विचारल्यामुळे.

फ्रॅक्चर झाल्यावर शोध सुरू करणे

पुष्कळ कुटुंबांत हा निर्णय इस्पितळातून डिस्चार्ज मिळण्याच्या आदल्या दिवशी होतो. वडील पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, आता घरी जमणार नाही. मग जिथे खाट रिकामी तिथे प्रवेश. अशा वेळी तुलना करायला सवडच उरत नाही.

खरं तर खुणा आधीपासून दिसत असतात. एकदा तरी घरातून निघून गेले आहेत, रात्रभर जागतात, लघवी-शौचावरचा ताबा सुटत चालला आहे, उठवायला दोन माणसं लागतात किंवा काळजी घेणाऱ्याचीच तब्येत ढासळली आहे. यांतली एखादी गोष्ट सुरू झाली की तीन-चार ठिकाणं पाहून ठेवा आणि प्रतीक्षायादीत नाव द्या. नाव दिलं म्हणजे नेऊन ठेवलं असं होत नाही.

लवकर सुरुवात करण्याचं दुसरं कारण कागदपत्रांचं आहे. बँकेचे व्यवहार कोणी पाहायचे, उपचारांचे निर्णय कोणी घ्यायचे, व्हेंटिलेटर किंवा नळीने अन्न हवं की नको, हे त्यांना कळतंय, सांगता येतंय तोवर विचारून, वकिलाच्या सल्ल्याने लिहून घ्यायला हवं. आजार पुढे गेल्यावर त्यांच्या सहीला कायद्याने अर्थ राहत नाही.

सकाळी अकरा वाजता, वेळ ठरवून, एकदाच जाणे

सकाळी अकराला सगळीकडेच चांगलं दिसतं. आंघोळी झालेल्या असतात, कर्मचारी पूर्ण संख्येने असतात, रुग्णही ताजेतवाने असतात. डिमेन्शियात अस्वस्थता बऱ्याचदा दिवस कलताना वाढते. थकवा, कमी होणारा उजेड, लांबणाऱ्या सावल्या आणि झोपेचं बिघडलेलं चक्र, सगळं एकदम अंगावर येतं. नेमक्या याच सुमाराला पाळी बदलते आणि माणसं कमी होतात. म्हणून किमान तीनदा जा. एकदा वेळ ठरवून, एकदा जेवणाच्या वेळी आणि एकदा संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान, न कळवता. खोल्यांत किंवा न्हाणीघरांत जाऊ नका असं कुणी म्हटलं तर ते योग्यच आहे. पण न कळवता दारातसुद्धा येऊ देत नसतील, तर ते ठिकाण यादीतून काढा.

जेवणाची वेळ सर्वांत जास्त सांगून जाते. भरवणारी व्यक्ती समोर, डोळ्यांच्या पातळीवर बसली आहे की उभ्याने, घाईघाईत चमचे कोंबते आहे? रुग्ण ताठ बसला आहे का? मान मागे टाकून किंवा आडवं होऊन खाल्लं की घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. अर्ध्या भरलेल्या ताटांची कुणी नोंद घेतं की ती तशीच उचलली जातात? डिमेन्शियाच्या माणसाला तहान लागल्याचं उमगत नाही किंवा सांगता येत नाही. त्यामुळे नुसता पाण्याचा जग टेबलावर ठेवून भागत नाही, पेला हातात द्यावा लागतो.

इतर वेळी थोडा वेळ एका जागी बसा आणि घड्याळ पाहा. कुणी हाक मारली तर किती मिनिटांत उत्तर येतं? चष्मे पुसलेले आहेत का, कवळ्या तोंडात आहेत का, श्रवणयंत्रं कानात आहेत की कपाटात? नखं कापलेली आहेत का? दुपारी चारला निम्मे लोक खुर्चीत मान टाकून झोपलेले दिसले तर कारण विचारा. वासाचंही तसंच. एखाद्या खोलीत लघवीचा वास येणं साहजिक आहे, पण सगळ्या मजल्यावर तो मुरलेला असेल, किंवा तो झाकण्यासाठी जंतुनाशकाचा उग्र दर्प असेल, तर डायपर वेळेवर बदलले जात नाहीत.

"एकूण कर्मचारी किती?" एवढंच विचारणे

या प्रश्नाच्या उत्तरात स्वयंपाकी, चौकीदार आणि सुटीवर असलेलेही मोजले जातात. त्याऐवजी विचारा: या मजल्यावर, रात्रीच्या पाळीत, जागे असलेले किती जण, किती रुग्णांसाठी? त्यांतल्या किती रुग्णांना उठवायला दोन माणसं लागतात? रात्री प्रशिक्षित नर्स हजर असते की फोनवर? रात्री तीसेक रुग्णांना एकच माणूस असेल, तर तो एकाला शौचालयात नेत असताना बाकीच्यांकडे कुणीही नसतं. कॅमेरे लावलेत, हे त्यावरचं उत्तर नाही. कॅमेरा पडलेल्याला उचलत नाही.

मग विचारा की आज कामावर असलेल्यांपैकी किती जण वर्षभरापूर्वी इथेच होते. डिमेन्शियाच्या माणसाला नावं आठवत नाहीत, पण ओळखीचा आवाज आणि हाताचा स्पर्श कळतो. दर महिन्याला नवा माणूस कपडे उतरवायला आला तर ते घाबरतील आणि हात उगारतील. मग त्यांच्या फाइलवर 'आक्रमक' असा शेरा बसेल.

प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं पाहण्यापेक्षा प्रत्यक्ष काम करणाऱ्या एखाद्याला विचारा: "आई म्हणाली मला घरी जायचंय, तर तुम्ही काय करता?" 'तुम्ही आता इथेच राहता असं समजावतो' किंवा 'लक्ष दुसरीकडे वळवतो' एवढंच उत्तर पुरेसं नाही. ज्याला काम येतं तो सांगेल की आधी शौचाला जायचंय का, भूक लागली आहे का, काही दुखतंय का ते पाहतो, घरी कोण कोण आहे ते विचारतो आणि थोडं सोबत चालतो.

औषधं आणि बांधून ठेवण्याबद्दल न विचारणे

हा भाग अवघडल्यासारखा वाटतो म्हणून टाळला जातो, पण सर्वाधिक नुकसान इथेच होऊ शकतं. माणसं कमी असली की अस्वस्थ रुग्णाला शांत ठेवण्यासाठी रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन, हॅलोपेरिडॉल यांसारखी अँटिसायकोटिक (भास-भ्रमांवरची) औषधं दिली जाण्याचा धोका असतो. डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये या गटातल्या औषधांनी मृत्यूचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने नव्या पिढीच्या औषधांवर २००५ मध्ये आणि जुन्या पिढीच्या औषधांवर २००८ मध्ये मृत्यूच्या धोक्याची ठळक सूचना छापायला लावली. याचा अर्थ ती कधीच देऊ नयेत असा नाही. रुग्णाला भासांमुळे असह्य त्रास होतो किंवा कुणाला इजा होण्याची भीती असते, तेव्हा डॉक्टर ती कमीत कमी मात्रेत देतात. पण सुरू करण्यापूर्वी कुटुंबाला सांगतात का, आणि फेरविचाराची तारीख लिहितात का, हे विचारायलाच हवं. तारीख नसली की 'थोडे दिवस' दिलेली गोळी वर्षानुवर्षं चालते.

इथे निदानाचा प्रकार महत्त्वाचा ठरतो. डिमेन्शियाच्या रुग्णांपैकी साधारण ६० ते ७० टक्क्यांना अल्झायमर असतो, पण सगळ्यांना नसतो. ल्युई बॉडी डिमेन्शियात रुग्णाला माणसं, प्राणी स्पष्ट दिसण्याचे भास होतात, हालचाली मंदावतात आणि शुद्ध कमी-जास्त होते. अशा रुग्णाला हॅलोपेरिडॉल दिलं तर अंग लाकडासारखं ताठरू शकतं, ग्लानी येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. गडबड अशी होते की भास दिसले म्हणूनच नेमकं हे औषध दिलं जातं. निदान ल्युई बॉडीचं असेल तर फाइलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरांत लिहून द्या.

"आमच्याकडे कुणी पडत नाही" हे ऐकून निश्चिंत होऊ नका. चालता येणारी, डिमेन्शिया असलेली माणसं कधी ना कधी पडतात. कुणीच पडत नसेल तर नोंद ठेवली जात नाही, किंवा त्यांना उठूच दिलं जात नाही. खुर्चीला पट्टा, पुढे अडकवलेलं टेबल, उठताच येणार नाही अशी खोल आरामखुर्ची, खाटेचे उंच कठडे, हे सगळे बांधून ठेवण्याचेच प्रकार. कठडे ओलांडायला जाणारा माणूस जास्त उंचीवरून पडतो किंवा त्यांत अडकतो. बसून राहिल्याने पायांतलं बळ जातं आणि कमरेखाली जखमा होतात. जिथे खाट जमिनीलगत खाली करता येते, बाजूला गादी अंथरतात आणि रात्री ठरावीक वेळी शौचाला नेतात, तिथे विचार झालेला आहे असं समजा.

फक्त आजची अवस्था पाहून निवडणे

आज वडील चालतात, बोलतात, स्वतः जेवतात. आणखी काही वर्षांनी ते अंथरुणाला खिळलेले असू शकतात. म्हणून पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा: "कोणत्या परिस्थितीत तुम्ही त्यांना घेऊन जा म्हणाल?" मारहाण, रात्रीचा ओरडा, दोन माणसांची मदत, बेडसोर (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा), नळीने आहार, यांतलं काय काय ते सांभाळतात? अंथरुणावरच्या रुग्णाला दर किती तासांनी कूस बदलून देतात आणि त्याचा तक्ता आहे का? साधारण दोन तास हा रूढ अंतराल आहे. गादी आणि त्वचा पाहून तो कमी-जास्त होतो. शेवटच्या काळात वेदनाशमनाची सोय तिथेच होते की प्रत्येक वेळी इस्पितळात हलवतात? ऐन अखेरीला जागा बदलणं या आजारात फार जड जातं.

इमारतीत भलत्याच गोष्टी पाहणे

चकचकीत फरशी ओली भासते, म्हणून रुग्ण पाऊल टाकत नाही. दारापुढचं काळं पायपुसणं खड्ड्यासारखं दिसतं. पांढऱ्या शौचालयात पांढरं सीट वेगळं दिसत नाही. ते गडद रंगाचं हवं. खाटेवरून शौचालयाचं दार दिसत असेल तर कपडे ओले होण्याचे प्रसंग कमी होतात. येरझारा घालणाऱ्याला बंद दारापाशी संपणारा बोळ चिडवतो. फिरून परत जागेवर आणणारा रस्ता आणि कुंपण असलेलं अंगण हवं.

करार न वाचता सही

डायपर, फिजिओथेरपी, खास अटेंडंट, डॉक्टरांची भेट हे शुल्कात आहे की वेगळं? इस्पितळात असतानाच्या दिवसांचे पैसे लागतात का? दरवाढ कधी आणि किती? अनामत कधी परत? सोडताना किती दिवसांची पूर्वसूचना? तोंडी उत्तर चालणार नाही. शक्य असेल तर आधी दोन-तीन आठवडे तात्पुरतं ठेवून पाहा.

अंतराचा विचार मात्र शुल्काइतकाच गांभीर्याने करा. लांबच्या देखण्या जागेपेक्षा आठवड्यात दोनदा जाता येईल अशी साधी जागा बरी, कारण भेटायला येणाऱ्यांची नजर हीच रुग्णाची खरी सुरक्षा असते. भाषाही तपासा. नंतर शिकलेल्या भाषा बऱ्याचदा आधी विसरतात आणि मातृभाषा उरते. ती बोलणारं कुणीतरी प्रत्येक पाळीत हवं.

माहिती न देता सोडून येणे

एका पानावर लिहून द्या: कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, पूर्वी काम काय करत होते, झोपायची आणि उठायची वेळ, आंघोळ सकाळी की संध्याकाळी, कशाची भीती वाटते, कशाने शांत होतात, दुखलं की चेहरा कसा करतात. सोबत औषधांची यादी, मात्रा आणि वेळांसह. चष्मा, कवळी, श्रवणयंत्र आणि कपडे यांवर नाव घाला. पहिल्या महिन्यात याच वस्तू हरवतात. रोजची चादर, घड्याळ, जुने फोटो न्या. हलवायचं ते सकाळी, संध्याकाळी नाही.

नंतर काही बिघडलं तर

एक-दोन दिवसांत अचानक जास्त गोंधळले किंवा एकदम सुस्त झाले, तर आजार वाढला म्हणून गप्प बसू नका. डिमेन्शिया सहसा महिन्यांच्या हिशेबाने वाढतो, दिवसांच्या नाही. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं, लघवी तुंबणं, नवी गोळी किंवा पडल्यावर डोक्याला लागलेला मार, यांपैकी काय आहे ते त्याच दिवशी डॉक्टरांकडून तपासून घ्या. सर्दीची आणि झोपेची काही साधी औषधं, विशेषतः डायफेनहायड्रामिन असलेली, गोंधळ वाढवतात.

वजन दर महिन्याला लिहून घ्या. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट झाली तर दात, गिळणं, औषधं आणि भरवण्याची पद्धत, चारही तपासायला सांगा.

आंघोळीला कडाडून विरोध होत असेल तर आधी पाण्याचं तापमान, न्हाणीघरातला गारवा आणि आंघोळ घालणारी व्यक्ती स्त्री आहे की पुरुष हे पाहा. रोज पूर्ण आंघोळ घालायलाच हवी असं नाही. अंग पुसून चालतं.

"मला इथे जेवायला देत नाहीत, मारतात" असं म्हणाले तर ते भ्रम म्हणून सोडू नका आणि लगेच भांडायलाही जाऊ नका. जेवणाची नोंदवही पाहा, दंड, मनगटं आणि मांड्यांवर वळ आहेत का ते पाहा, वेगळ्या वेळी पुन्हा जा. ठरावीक व्यक्ती जवळ आली की ते अंग चोरतात का, हे बघा. वळ दिसले तर तारखेसह फोटो काढा, लेखी खुलासा मागा आणि डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. खुलासा टाळला जात असेल किंवा पुन्हा वळ दिसले, तर अनामत परत मिळण्याची वाट न पाहता त्यांना तिथून हलवा आणि तक्रार नोंदवा.